सोळा, एकवीस आणि पुंगळ्यांचा हिशेब

आमच्या वेळी सोळा वर्षं पूर्ण झालेल्या पोराला कायद्यानं बंदुकीचं लायसन मागता येत होतं. नातवंडांना हे सांगितलं की ती एकमेकांकडे बघतात, म्हातारा फेकतोय असा त्यांचा चेहरा होतो. पण १९५९चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ला लागू झाला तेव्हा त्याच्या नवव्या कलमात वयाची अट सोळाचीच होती. १९८३च्या दुरुस्तीनं सोळाचे एकवीस केले. म्हणजे मी अकरावी एसएससीला बसलो त्या वर्षी कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतला आमचा जवळजवळ निम्मा वर्ग बंदूक बाळगण्याच्या वयाचा होता. त्यातल्या एकानंही कलेक्टर कचेरीची पायरी चढल्याचं मला आठवत नाही. घरातल्या बंदुकीला हात लावायचा तर आधी थोरल्यांची परवानगी लागायची, आणि ती मिळण्यापेक्षा सरकारी परवाना मिळणं सोपं गेलं असतं.

आमच्या पेठेतल्या घरी बंदूक नव्हतीच. ती होती मामाकडे, राधानगरी तालुक्यात. ठासणीची, एकनळी, दाराच्या वर दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली. शेतीच्या राखणीसाठी असं परवान्यावर लिहिलेलं. भात पोटरीला आलं की रानडुकरांचा कळप उतरायचा आणि एका रात्रीत वर्षाची मेहनत नांगरून जायचा. मामा संध्याकाळी जेवून माळ्यावर जायचा, मी सुट्टीला गेलेलो असलो की मागं लागायचो. दोन-तीनदा नकार मिळाला की चौथ्यांदा, “चल, पर तोंड उघडलंस तर परत धाडीन,” असं म्हणून तो घोंगडं माझ्या खांद्यावर टाकायचा.

ठासणीची बंदूक भरताना बघणं हा त्या रात्रींचा खरा कार्यक्रम. आधी नळी खाली करून झटकायची. मग दारूची डबी कानाशी हलवून बघायची, कोरडी दारू सळसळते. माप म्हणून मामाकडे पितळेची एक चिमुकली वाटी होती. ती दारू नळीत सोडली की काथ्याचा बोळा, वरून लोखंडी गजानं ठासणं, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. बार पेटवणारी टोपी मात्र तो शेवटपर्यंत चढवायचा नाही. टोप्या त्याच्या बंडीच्या आतल्या खिशात असायच्या, डबीत, आणि डबीला दोऱ्याचे वेढे. डुकरांची चाहूल लागली, समोर दुसरं कुणी नाही याची खात्री झाली, की मगच अंधारात दोरा सुटायचा. एका बाराला एवढा सगळा वेळ लागायचा. त्यामुळे रागाच्या भरात त्या बंदुकीनं काही करायचं म्हटलं तरी राग निवेपर्यंत ती भरून व्हायची नाही.

पोरांची बढती ठरलेली. पहिल्या वर्षी काथ्या पिंजायचा. पुढं कधीतरी छर्र्यांची पिशवी धरायला मिळायची. मिसरूड फुटायला लागलं तेव्हा मामानं एकदा दिवसाढवळ्या, बांधापलीकडच्या मोकळ्या वरंडीवर, माझ्या हातात ती दिली. माझ्या मागं तो उभा, त्याचे दोन्ही हात माझ्या हातांवर. बार उडाला तसा खांदा असा ठेचला गेला की आठवडाभर दप्तर उजव्या खांद्याला लावता आलं नाही. मामानं बंदूक तेवढ्यात काढून घेतली होती. “झालं. कळलं न्हवं काय हाय ते? आता लगीन हुईस्तोवर मागायची न्हाई,” म्हणाला. लग्नानंतरही मी मागितली नाही, ती गोष्ट वेगळी.

निवडणूक आली की मामा बंदूक गोणपाटात गुंडाळून पोलिस ठाण्यात जमा करायला निघायचा. तो दिवस त्याला फार लागायचा. फौजदार पावती द्यायचा, ती पावती देवघरात, गणपतीच्या तसबिरीमागे. निकाल लागले की पुन्हा पायपीट. त्याच्या भाषेत पंचायतीपासून दिल्लीपर्यंतच्या सगळ्या निवडणुकांचं वर्णन एकाच वाक्यात व्हायचं: “डुकरांची चंगळ.”

हे सगळं फार गोड वाटतं सांगताना, म्हणून इथं जरा थांबतो. बंदूक होती कुणाकडे? इनामदाराकडे, पाटलाकडे, जुन्या सरदार घराण्यांकडे, आणि मामासारख्या चार एकरवाल्याकडे असली तर ती ठासणीची. संस्थानच्या काळात तर शिकार हा दरबारचा मामला. शाहू महाराज शिकारीचे शौकीन. कोल्हापूरचे चित्ते आणि त्यांना माणसाळवणारे चित्तेवान यांच्या गोष्टी आम्ही आजोबांकडून ऐकल्या. दाजीपूरचं जंगल राखीव शिकारीचं, ते १९५८मध्ये अभयारण्य झालं. नवीन राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आणि रांगेनं लावलेल्या बंदुका आजही बघायला मिळतात. पण त्या शिकारीत गरीब घरची पोरं कुठं होती? हाकाऱ्यात. डबे वाजवत, काट्यांतून पळत, जनावर बंदुकीच्या तोंडाशी आणून द्यायचं त्यांचं काम. बंदुकीच्या मागच्या बाजूला उभं राहण्याचं भाग्य त्यांच्या वाट्याला नव्हतं. पोरींचा तर प्रश्नच नाही. माझी मामेबहीण माझ्याहून धीट, अंधारात एकटी विहिरीवर जाणारी. तिला कधी काथ्याही पिंजू दिला नाही कुणी.

इंग्रजांचा १८७८चा शस्त्र कायदा आजोबांना ठाऊक होता तो वेगळ्याच कारणानं. त्या कायद्याची चाळणी वयाची नव्हे, कातडीची. गोऱ्या माणसाला सूट, काळ्याला परवाना. नाशकात २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचा होता आणि त्याच्या हातातलं ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून चोरून आलेल्या मालातलं होतं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात कान्हेरे होता. मास्तर तो धडा शिकवताना आवाज चढवायचे, आणि घंटा झाल्यावर खिशातून टिकल्यांचं पिस्तूल काढणाऱ्या पोराच्या पाठीत तेच मास्तर धपाटा घालायचे. यात काही विसंगती आहे असं त्यांना वाटलं नाही, आम्हालाही नाही.

टिकल्यांचं पिस्तूल म्हणजे दिवाळीचं. पत्र्याचं, घोड्याची स्प्रिंग दोन दिवसांत ढिली पडणारं. मग भाऊबीजेपर्यंत टिकल्या फरशीवर ठेवून दगडानं फोडायच्या. रोल मिळायला लागले तो मोठा बदल, लागोपाठ वाजायचे. १९७५ला शोले आला आणि पेठेतल्या प्रत्येक बोळात डाकू तयार झाले. जोतिबाच्या यात्रेत, गावोगावच्या उरुसात फुगे फोडायची छर्र्याची बंदूक असायची, तिची नळी मुद्दाम वाकडी केलेली असते अशी आमची पक्की समजूत. फुगेवाला बंदूक स्वतः भरून द्यायचा आणि नळी फळ्याकडेच राहील याची काळजी घ्यायचा. कुणी गंमत म्हणून गर्दीकडे वळवली तर पैसे परत, बंदूक परत, वर एक शिवी.

कोल्हापुरात पोरांच्या हाती हत्यार देण्याची खरी जागा होती तालीम. मर्दानी खेळाच्या आखाड्यात दहा-बारा वर्षांची पोरं तलवार, भाला, विटा, दांडपट्टा फिरवायची, आजही फिरवतात. दांडपट्ट्याला २०२४मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला तेव्हा पेठांत कुणाला नवल वाटलं नाही. आमच्या वस्तादांचा क्रम कडक होता. पहिले काही महिने आखाडा झाडायचा आणि पाणी मारायचं. मग लाठी. लाठी डोक्याभोवती फिरताना स्वतःच्या कानाला लागायची थांबली की मग पुढचं. तलवार हाती आली तरी ती आखाड्याच्या उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, खेळ संपला की पुसून, तेल लावून जागेवर. एका पैलवान पोरानं एकदा तलवार गल्लीत नेऊन मिरवली. वस्ताद त्याला काही बोलले नाहीत. सहा महिने त्याच्याकडून फक्त झाडून घेतलं. आता वाढदिवसाचा केक तलवारीनं कापल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाल्याची बातमी आली की मला तो झाडू आठवतो.

बंदुकीची गोळी म्हणजे काय हे मात्र मला शिकवलं एनसीसीच्या हवालदारानं. पॉइंट टू टू रायफल, पालथं पडून, प्रत्येकी पाच राउंड. गावाबाहेरच्या माळावर पहाटे नेलं जायचं. गोळ्या मोजून हातात. झाडून झाल्या की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत. हवालदार त्यांना ‘खोखा’ म्हणायचे आणि त्यांचा सगळा जीव त्या खोख्यांत. पाच दिले तर पाच आले पाहिजेत, मग नेम चुकला का लागला याची त्यांना फारशी पर्वा नव्हती. एकदा आमच्या तुकडीत एक पुंगळी कमी भरली. ऊन डोक्यावर येईपर्यंत पन्नास पोरं गुडघ्यांवर, गवत चाचपत. शेवटी ती एकाच्या मोज्यात सापडली. त्याला घरी बहिणीला दाखवायची होती. हवालदारसाहेबांनी पुंगळी पेटीत टाकली, वहीत आकडा पुरा केला आणि मगच त्याच्याकडे वळले. काय केलं ते सांगत नाही. त्या पोरानं पुढं सैन्यात सुभेदार मेजरपर्यंत मजल मारली.

इथं कायद्यातली एक जागा सांगायला हवी, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. नवव्या कलमाच्या पहिल्या भागात एकवीसच्या आतल्याला बंदूक बाळगायची आणि त्याला ती विकायची किंवा द्यायची बंदी आहे. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात एक फट मुद्दाम ठेवली आहे: ठरवून दिलेल्या वयाचा मुलगा किंवा मुलगी, ठरवून दिलेल्या अटींवर, प्रशिक्षणापुरतं ठरावीक हत्यार वापरू शकते. मालकी नाही, घरी नेणं नाही. शिकणं मात्र आहे. मामाचे माझ्या हातांवरचे हात, हवालदाराची वही, वस्तादांचा उंबरा, हे सगळं कायद्याच्या कोरड्या भाषेत त्या दोन-तीन ओळींत बसलं आहे. ती फट नसती तर कोल्हापूरचं नाव आज जगात ज्या गोष्टीसाठी घेतात त्यातली एक गोष्ट झालीच नसती.

राही सरनोबतचं बघा. जन्म ३० ऑक्टोबर १९९०. २००८च्या पुण्यातल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत तिनं पिस्तुलात सुवर्ण घेतलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ऑक्टोबर २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात अनिसा सय्यदबरोबर सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य मिळवलं, तेव्हा तिला वीसही पूर्ण नव्हती. म्हणजे भारतासाठी पिस्तुलानं सुवर्णपदक जिंकणाऱ्या या पोरीला त्याच दिवशी साधा नागरिक म्हणून पिस्तुलाचा परवाना मागता आला नसता. २०१३ला कोरियातल्या चांगवॉनच्या विश्वचषकात ती पिस्तुलात सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला झाली, २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुन्हा सुवर्ण. तिच्या आधी तेजस्विनी सावंत, तिच्याच शाळेची थोरली. तेजस्विनीनं २००६च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णं घेतली आणि २०१०ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद. शाळेतल्या थोरलीची पदकं बघून धाकटीनं बंदूक उचलली.

माझ्या मामेबहिणीला मी राहीच्या मिरवणुकीचा फोटो पेपरात दाखवला होता. ती आता नातवंडांची आजी. बराच वेळ बघून म्हणाली, “ही पोरगी हातात धरती का नुसती फोटोपुरती?”

मग २०२४. कांबळवाडी, राधानगरी तालुका. मामाच्या गावासारखंच डोंगराच्या कुशीतलं गाव. वडील शिक्षक, आई सरपंच. स्वप्नील कुसाळेला वडिलांनी २००९ला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं, चौदा वर्षांचा असताना. वर्षभर अंग कमावून घेतल्यावर खेळ निवडायची वेळ आली आणि त्यानं नेमबाजी निवडली. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य. मधली वर्षं रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी. त्या दिवशी दुपारी कोल्हापुरातली अर्धी दुकानं टीव्हीसमोर उभी होती. कुस्तीवर वाढलेलं हे गाव, १९५२च्या हेलसिंकीतल्या खाशाबा जाधवांचं कांस्य अजून आपलंच मानणारं, आणि आता गुडघ्यावर बसून, पालथं पडून, उभं राहून नेम धरणाऱ्या पोरासाठी गुलाल उधळत होतं. डुकरांसाठी ठासणीची बंदूक भरणाऱ्या तालुक्यातून ऑलिंपिकचं पदक येईल हे मामाला सांगितलं असतं तर त्यानं मला माळ्यावरून खाली उतरवलं असतं.

याच काळाची दुसरी बाजू पेपरच्या आतल्या पानावर असते. मजकूर इतका ठरलेला की नुसतं नाव-गाव बदलत असावेत: सापळा रचला, कमरेला लावलेलं देशी बनावटीचं पिस्तूल, दोन जिवंत काडतुसं, वय एकोणीस, वय वीस, वय बावीस. इचलकरंजी, हुपरी, शिरोळ, शहरातलं एखादं उपनगर. माल कुठून आला याच्या तपासात जळगावच्या हद्दीला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीचं नाव येतं. अठराच्या आतलं पोर असलं तर त्याचं नाव छापत नाहीत, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ लिहितात. पुढं कलम येतं, ३/२५. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, कमाल पाच. लग्नात, वरातीत, जल्लोषात बार काढला आणि त्यानं कुणाच्या जिवाला धोका झाला तर त्यालाही त्याच दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला. एका माणसाला परवान्यावर तीन बंदुका ठेवता येत होत्या, त्या दोनवर आल्या.

पण असल्या देशी कट्ट्याला परवाना कुठं लागतो? एकवीसची अट कट्टेवाल्याला लागूच पडत नाही, त्याला सोळाचीही अडचण नव्हती. आणि कट्टा घेणाऱ्या पोरांच्या जबान्या बातम्यांतून वाचल्या की शिकार नाही, राखण नाही, कुणाशी म्हणावं तसं वैरही नाही. बरेचदा कारण एक असतं: स्टेटस. मोबाइलवर दोन बोटांत पिस्तूल धरून, पाठीमागं गाणं लावून, खाली ‘नाद करायचा नाही’. पोलिसही मग त्याच स्टेटसवरून पत्ता काढतात. कसला हा धंदा! मामा बंदूक गोणपाटात लपवून न्यायचा, ती कुणी बघू नये म्हणून. ही पोरं कट्टा घेतात तो कुणीतरी बघावा म्हणून.

१६ फेब्रुवारी २०१५ची सकाळ कोल्हापूर विसरलेलं नाही. कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून परत येत होते, सागरमाळला घराजवळ आले होते. मोटारसायकलवरून आलेल्यांनी जवळून गोळ्या झाडल्या. उमाताई वाचल्या, पानसरे २० फेब्रुवारीला गेले. त्या आठवड्यात बिंदू चौकात उभं राहून माणसं एकमेकांना विचारत होती, आपल्या गावात पिस्तूल एवढं सहज कधीपासून मिळायला लागलं? उत्तर कुणाकडे नव्हतं. पेठांत भांडणं पूर्वीही व्हायची, डोकी फुटायची, क्वचित सुरा निघायचा. माणूस मारायचा तर जवळ जावं लागायचं, आणि जवळ गेल्यावर तो माणूस ओळखीचा निघायचा. एवढ्यावरून जुना काळ चांगला होता असं मी म्हणणार नाही, हाकाऱ्यातल्या पोरांनी मला तो हक्क ठेवलेला नाही. फक्त हा एक फरक मला दिसतो आणि तो मी नाकारू शकत नाही.

वयाच्या बाबतीत आपल्या राज्यकर्त्यांचं गणितही मजेशीर. १९८३ला बंदुकीचं वय सोळावरून एकवीसवर गेलं. सहाच वर्षांनी, १९८९ला, मताचं वय एकवीसवरून अठरावर आलं. म्हणजे सरकार निवडण्याची अक्कल अठराव्या वर्षी येते आणि डुकराला पळवण्याची एकविसाव्या. अग्निवीर म्हणून साडेसतराव्या वर्षी भरती होता येतं. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचं नावच सैनिकांवरून पडलेलं, तिथल्या कट्ट्यावर (पारावरच्या कट्ट्यावर, दुसऱ्या नव्हे) हा विनोद कुणीही ऐकवील. पण नीट बघितलं तर विसंगती वाटते तेवढी नाही. सैन्यातल्या पोराची रायफल शस्त्रागारात असते आणि गोळी मोजून मिळते. रेंजवरच्या पोरीचंही तसंच. कायद्याला भीती आहे ती पोराची आणि बंदुकीची एकांतात गाठ पडण्याची, आणि ती मला पटते.

माझा भाचा टेक्सासमध्ये आहे. तिकडे उलटं. १९६८च्या कायद्यानं परवानाधारक दुकानदार एकवीसच्या आतल्याला पिस्तूल विकू शकत नाही, पण रायफल अठराव्या वर्षी. २४ मे २०२२ला युवाल्डेच्या प्राथमिक शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. मारणारा अठरा वर्षांचा, रायफली कायदेशीर विकत घेतलेल्या. पुढच्याच महिन्यात एकवीसच्या आतल्या गिऱ्हाइकाची जादा तपासणी करायचा कायदा आला. आणि जानेवारी २०२५मध्ये तिकडच्याच एका अपील न्यायालयानं अठरा ते वीसच्या मुलांना पिस्तूल विकण्याची बंदी घटनाबाह्य ठरवली. भाच्याची मुलगी शाळेत दार लावून, दिवे घालवून बाकाखाली गप्प बसायचा सराव करते. ती सुट्टीत इकडे आली तेव्हा दिवाळीचे रोल वाजले आणि ती जागच्या जागी खाली बसली. आमच्या गल्लीतली पोरं हसली. मी त्यांना हसू नका म्हटलं, पण कारण सांगायला शब्द जुळेनात.

आमच्या घरच्या नातवाला बंदुकांची नावं मला येत नाहीत तेवढी येतात. एम फोर वन सिक्स, एकेएम, कार नाइन्टीएट. सप्टेंबर २०२०ला पबजीवर बंदी आली तेव्हा दोन दिवस जेवला नाही, पुढच्या वर्षी तोच खेळ नव्या नावानं आला आणि भूक परतली. कुठल्या गोळीनं किती ‘डॅमेज’ हे त्याला तोंडपाठ. खांदा किती दुखतो हे ठाऊक नाही. म्हणून त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला घेऊन मी रेंजवर गेलो.

दहा मीटरची एअर रायफल, एअर पिस्तूल. शक्ती वीस ज्यूलच्या आत आणि नळी साडेचार मिलिमीटरची असेल तर त्याला परवाना लागत नाही. याच दहा मीटरवर कोल्हापूरच्या शाहू मानेनं २०१८च्या ब्युनोस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं. तरी इथले नियम मामाचेच. नळी कायम टार्गेटकडे. घोड्यावर बोट शेवटी. आवाज आला की सगळं खाली ठेवायचं आणि मागं सरायचं. नातवाला पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा आला, कारण मोबाइलवर पिस्तुलाला वजन नसतं आणि हात सरळ करून धरल्यावर ते मिनिटाभरात थरथरायला लागतं. त्याचे छर्रे कागदाच्या कोपऱ्यात गेले. नात मात्र श्वास रोखून बसली होती. तिच्या दहापैकी चार काळ्यात.

“पुढं पॉइंट टू टूवर कधी?” तिनं रेंजवरच्या सरांना विचारलं.

“अजून वेळ आहे. आणि आली तरी ते इथंच राहील, कपाटात. माझ्यासमोर वापरायचं, माझ्याकडे द्यायचं.”

“घरी नाही?”

“एकवीस पूर्ण झाल्यावर अर्ज कर कलेक्टर ऑफिसला. पोलिस चौकशी करतील, घरी येतील, शेजाऱ्यांना विचारतील.”

नात बोटांवर हिशेब करत होती. तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा, मागं उभा राहून हसला. “तोवर लोकसभेच्या दोन निवडणुका होतील,” म्हणाला, “आणि बाबा, तिची बंदूक आली की पोलिस ठाण्यात जमा करायला तुम्हालाच पाठवीन.”